लहान पिचरांचे चेंडू मोजताना

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या संघाला मी स्वयंसेवक म्हणून शिकवतो. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण शिकवायला इतर पालक आधीच पुढे आले होते, त्यामुळे क्रिकेटवर वाढलेल्या माझ्याकडे पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज, आले. दरवर्षीची पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण घरबसल्या उरकते. खरे काम त्यानंतर सुरू होते.

वेगवान गोलंदाजाच्या दुखण्याची पहिली शंका आपण कमरेवर घेतो, पिचरच्या बाबतीत मात्र ती कोपर आणि खांद्यावर घ्यावी लागते. वाकलेले कोपर झटक्याने पुढे येताना त्याच्या आतल्या बाजूवर जबर ताण पडतो. मोठ्या पिचरांमध्ये त्याने अस्थिबंध (लिगामेंट) फाटतो, डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया याच अस्थिबंधाची होती. बारा वर्षांच्या मुलात अस्थिबंधापेक्षा हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा कमकुवत असते आणि वारंवारच्या ओढीने तीच दुखावते.

लिटल लीगने 2007 पासून इनिंगच्या (डावांच्या) संख्येऐवजी चेंडूंची मर्यादा घातली आहे. या वयाच्या मुलाला दिवसाला 85 चेंडू टाकता येतात; 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, आणि 41 झाले की त्या दिवशी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभे राहता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो. नियम चांगले आहेत, पण आमच्या नोंदवहीला दिसतात ते फक्त आमच्या लीगचे चेंडू. शनिवारी आमच्याकडे खेळलेला मुलगा रविवारी ट्रॅव्हल टीमकडून (गावोगावी खेळणाऱ्या निवडक संघाकडून) पिचिंग करतो आणि बुधवारी खासगी प्रशिक्षकाकडे जातो. कोपर मात्र एकच. म्हणून मी पालकांसाठी एक सामाईक तक्ता केला आणि कुठेही टाकलेला प्रत्येक चेंडू त्यात लिहायला सांगितले. काहींना तो जाच वाटला.

त्या तक्त्यात सगळ्यात लांब रांग असलेला मुलगा एका सामन्यात दोन चेंडूंच्या मधे मूठ उघड-मीट करू लागला. चेंडू वर जाऊ लागले, कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरले. ‘दुखतंय का?’ असे विचारले की मुले हमखास नाही म्हणतात, म्हणून ‘हात कुठे जड वाटतोय, बोट ठेव,’ असे मी त्याला सांगितले. त्याने नेमके कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवले. मर्यादेला बरेच चेंडू शिल्लक असतानाही मी त्याला उतरवले.

त्याचे वडील नागपूरचे. ‘भाऊ, रात्री तेल चोळून देतो, उद्या पाहा कसा फेकते तो!’ ते म्हणाले.

‘तेल खुशाल चोळा, पण आधी डॉक्टरांना दाखवा,’ मी म्हटले. थकलेल्या हाताने नेहमी पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता 36 पट आढळल्याचे अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात वाचले होते, तेही त्यांना सांगितले.

डॉक्टरांनी तुलनेसाठी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले आणि काही आठवडे फेकणे पूर्ण बंद केले. त्या काळात तो आमचा चेंडू मोजणारा झाला, आणि माझ्यापेक्षा काटेकोर निघाला. पुढे फिजिओथेरपिस्टच्या वेळापत्रकाप्रमाणे जवळच्या अंतरावरून हळूवार फेकणे-झेलणे, मग अंतर वाढवणे आणि अगदी शेवटी 46 फुटांवरून पिचिंग, असा क्रम ठरला. पायरी चढल्यावर दुसऱ्या दिवशी कोपर दुखले तर एक पायरी खाली यायचे. तशी वेळ आली तेव्हा वडिलांपेक्षा मुलगाच समजूतदार ठरला.

वादाचा खरा मुद्दा हिवाळ्याचा होता. मेजर लीगच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या) ‘पिच स्मार्ट’ शिफारशींनुसार या वयात वर्षातून किमान चार महिने फेकणे बंद हवे, तर ट्रॅव्हल टीमचा इनडोअर सराव जानेवारीत सुरू होतो. बऱ्याच बोलण्यानंतर वडिलांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुट्टी घेऊन त्याला बास्केटबॉलला घातले. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) शिकवण्याचा बेतही खासगी प्रशिक्षकाने, जरा नाखुशीनेच, पुढे ढकलला आहे. तूर्त फास्टबॉल आणि चेंजअप (फसवा संथ चेंडू) एवढेच.