अकरातल्या चार गाई

दक्षिण आफ्रिकेत, नोंगोमाच्या पुढे, क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या डोंगराळ भागात, कायदा-सल्ल्याच्या टेबलावर त्या दिवशी एक बाई वहीचं घडी पडलेलं पान घेऊन आली. तेरा वर्षं तिने ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनम खाणीत होता. महिन्यापूर्वी वारला. दीर म्हणतो, "लग्न कुठे झालंय? ही नुसती किपिटा करून राहत होती." लग्नाविना एकत्र राहण्याला झुलूत उकुकिपिटा म्हणतात, आणि त्या शब्दात हेटाळणी असतेच.

पानावर निळ्या शाईत दोन्ही घराण्यांची नावं. खाली 'इम्वुलाम्लोमो दिला', म्हणजे बोलणी सुरू करायला तोंड उघडण्याचे पैसे. मग 'गाई ११, दिल्या ४, बाकी ७', गाईमागे ८,००० रँड. दोन्हीकडच्या मध्यस्थांच्या सह्या. तारीख मात्र नाही.

हा इलोबोलो, म्हणजे लग्नासाठी मुलाकडून मुलीच्या घरी द्यायच्या गाई; आपल्याकडच्या देजाचा भाऊबंद. १८६९ साली नाताळच्या वसाहती सरकारने सामान्य माणसासाठी दहा गाईंची कमाल मर्यादा घातली. मुलीच्या आईची एक धरून अकरा. मर्यादा म्हणून आलेला आकडा आज दर होऊन बसला आहे. आता गाई बहुधा रोखीतच मोजतात. इथे ते ८८,००० रँड होतात, वर आहेर आणि जेवणावळी वेगळ्या. पगार तुटपुंजा, काम कधी असतं कधी नसतं. म्हणून पहिला हप्ता देऊन जोडपी संसार मांडतात, मुलं होतात, 'लग्न व्हायचंय' हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहतं. पालघरच्या पाड्यांवरही खर्चापायी लगीन मागे ठेवून नांदणारी जोडपी आहेत. लग्न नको म्हणून ही माणसं अशी राहतात, हा समज मला अन्यायाचा वाटतो.

कायदा या बाईच्या बाजूने बराच आहे. पारंपरिक विवाहांना मान्यता देणारा १९९८ चा कायदा १५ नोव्हेंबर २००० पासून लागू झाला. दोघं अठरा वर्षांवरची हवीत, दोघांची संमती हवी, आणि विवाह रिवाजानुसार ठरून पार पडलेला किंवा साजरा झालेला हवा. पूर्ण इलोबोलो चुकता हवा, असं त्यात कुठेही नाही. नोंदणी तीन महिन्यांत करायची असते, पण ती राहिली म्हणून विवाह बाद होत नाही. वधूला रीतसर सासरी सोपवलं नाही एवढ्यावरूनही विवाह नाकारता येत नाही, असा सर्वोच्च अपील न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे.

मग पुरावा काय? जुन्या मोबाइलमधल्या फोटोत तिच्या मनगटावर केसाळ कातड्याची पट्टी दिसली. इसिफांडला. घरच्या पूर्वजांना ज्याच्यासाठी बोकड दिला जातो, त्याच्या हाताला त्याच कातड्याची पट्टी बांधतात. "सासूनेच बांधली," ती म्हणाली. नुसत्या किपिटाच्या बाईसाठी सासू बोकड कापत नाही, हे दिरालाही ठाऊक असणार.

घोळ दुसरीकडे होता. अंत्यसंस्काराच्या विम्याच्या पैशांसाठी पोलीस ठाण्यात दिलेल्या शपथपत्रात तिने स्वतःला 'मैत्रीण' लिहवून घेतलं होतं. सात गाई बाकी, मग बायको कसं म्हणवून घ्यायचं, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं. हीच चूक वारंवार होते. त्यावर उपाय म्हणजे नवं शपथपत्र. त्यात जुन्याचा उल्लेख करून तसं का लिहिलं ते स्पष्ट सांगायचं. जुनं लपवलं की नव्यावरचाही विश्वास जातो.

कामाचा क्रम असा ठरला. आधी खाणीचा भविष्य निर्वाह निधी. तिथे विश्वस्त अवलंबितांमध्ये वाटप करतात. विवाहाचा दाखला नसला तरी त्याच्याच पैशावर घर चालत होतं हे दाखवता येतं. पैसे पाठवल्याच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीची नोंद एवढं गोळा करायचं. मग वारसा. दीर विवाहच नाकारतो, तेव्हा नोंदणीचा आदेश उच्च न्यायालयाकडून मागायचा. अर्जात पर्यायी मागणीही ठेवायची. परस्परांच्या पालनपोषणाची जबाबदारी घेतलेल्या कायमच्या जोडीदारालाही वारसा मिळतो, असं संविधान न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ठरवलं आहे.

सगळ्यात वजनदार साक्ष नवऱ्याकडच्या मध्यस्थाची, म्हणजे त्याच्या काकांची. फोन लावला. म्हातारबुवा सही करायला लगेच तयार झाले, वर म्हणाले, "पानावर तारीख राहिलीय, मीच घालतो." नको म्हटलं. पानावर आता एक अक्षरही लिहायचं नाही. तारीख तुमच्या शपथपत्रात येईल, तुम्हाला आठवते तशी. बाईने पान पुन्हा जुन्याच घडीवर दुमडलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं.