एजंटाच्या हाती फाईल नको, पत्ता द्या

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर प्रॉक्समॉक्स व्हीई आहे, म्हणजे एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली. हिशेब, हजेरी आणि डिझाइन विभागाची एक जुनी विंडोज अशी सारी कामे त्याच्यावरच्या आभासी यंत्रांत चालतात. नवे यंत्र उभे करायचे, तर आधी त्याची आयएसओ फाईल, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या डिस्कची एका फाईलीतली प्रत, सर्व्हरच्या स्टोरेजवर चढवावी लागते. हे काम हल्ली मी एआय एजंटाकडून, म्हणजे सांगितलेली कामे टूल वापरून करणाऱ्या भाषा-मॉडेलकडून, करून घेतो. एजंट आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक छोटे टूल आहे, जे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनुसार, म्हणजेच एमसीपीनुसार, एजंटाशी बोलते आणि पलीकडे प्रॉक्समॉक्सच्या एपीआयला (प्रोग्रामांनी आज्ञा देण्याच्या दाराला) पोर्ट ८००६ वर विनंती पाठवते.

असे टूल लिहिणाऱ्याला पहिला मोह होतो तो फाईलच एजंटाच्या हाती देण्याचा. तो टाळावा. मॉडेलला मजकूर कळतो, त्यामुळे फाईल बेस-६४ या अक्षरांच्या रूपात बदलून पाठवावी लागते आणि त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. काही गिगाबाइटची आयएसओ अशा वाटेने जाणे अशक्यच. गोदामातला मुकादम पोती स्वतः उचलत नाही, तो चिठ्ठी देतो. तसे एजंटाने फक्त फाईलचा पत्ता, स्टोरेजचे नाव आणि फाईलचा प्रकार एवढेच सांगावे, आणि बाइटांची वाहतूक टूलने तुकड्यातुकड्यांनी करावी. संपूर्ण फाईल मेमरीत भरून मग पाठवणारे टूल छोट्या संगणकावर हमखास कोलमडते.

आता हा पत्ता कोणत्या संगणकावरचा, हा खरा गुंत्याचा भाग आहे. मी खानापुरात राहतो, एजंटाशी गप्पांची खिडकी माझ्या लॅपटॉपवर उघडी असते, पण टूल चालते ते कारखान्यातल्या संगणकावर. त्यामुळे टूलला फक्त तिथल्याच फाईली दिसतात. आमच्याकडच्या एका पोराने हे टूल पहिल्यांदा वापरले तेव्हा मला फोन करून विचारले, “अण्णा, फाईल माझ्या डेस्कटॉपवर दिसालीय की, मग हे नाही का म्हणालंय?” त्याचा प्रश्न रास्त होता, आणि तो पुन्हा कोणाला पडू नये म्हणून “फाईल सापडली नाही” या कोरड्या संदेशाऐवजी टूल आता आपण कोणत्या संगणकावर, कोणत्या फोल्डरमध्ये शोधले ते सांगते. पाहायचे ते एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये, हे बंधनही मी घातले आहे. एजंटाने चुकून किंवा कोणाच्या फसव्या मजकुराला भुलून दुसराच पत्ता मागितला, तरी पासवर्डांच्या फाईली सर्व्हरवर जाऊन पडू नयेत.

फाईल इंटरनेटवर उपलब्ध असेल, तर चढवण्याचा खटाटोपच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रॉक्समॉक्सला दुवा दिला, तर तो फाईल स्वतः उतरवून घेतो. पावसाळ्यात खानापूरची लाइन तासन्‌तास रडतखडत चालते, तेव्हा डेबियन या लिनक्स प्रणालीची आयएसओ घरून पाठवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुखाचा. दोन्ही मार्गांत चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का हे पडताळणारा आकडा, देता येतो, आणि तो द्यावाच. अर्धवट आलेली आयएसओ यंत्र सुरू करताना जे अगम्य त्रास देते, त्यापेक्षा इथेच अडलेली बरी.

स्टोरेज निवडताना एजंट बहुधा “लोकल-एलव्हीएम” सुचवतो, कारण मोकळी जागा तिथे जास्त दिसते. पण ते ब्लॉक स्टोरेज आहे, म्हणजे फाईलींची नव्हे तर आभासी यंत्रांच्या डिस्कांची जागा, त्यावर आयएसओ ठेवता येत नाही. शिवाय अंतिम स्टोरेज कितीही मोठे असले, तरी चढवलेली फाईल आधी सर्व्हरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते आणि मग जागेवर जाते, म्हणून मूळ डिस्कवरही तेवढी जागा लागते. फाईलच्या नावाचेही एक आहे: रोमन अक्षरे, अंक, टिंब, आडवी रेघ आणि अधोरेखा सोडून बाकी प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रॉक्समॉक्स अधोरेखा घालतो. मराठी नाव असो की कन्नड, तिथे दोघांची गत एकच! टूल असे नाव आधीच नाकारते.

चढवण्याची विनंती पूर्ण झाली की उत्तरात कामाचा क्रमांक येतो, काम संपल्याची ग्वाही नव्हे. एजंट तो पाहून लगेच “झाले” म्हणून मोकळा होतो. त्यामुळे टूलनेच त्या कामाची स्थिती विचारत राहून, निकाल “ओके” आल्यावर मगच उत्तर द्यावे, अशी रचना मी केली आहे.

राहिला प्रश्न अधिकारांचा. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड एजंटाच्या आसपासही नको. मी वेगळा वापरकर्ता आणि त्याचे एपीआय टोकन (पासवर्डाऐवजी वापरायची किल्ली) केले, व एकाच स्टोरेजवर “डेटास्टोअर अलोकेट टेम्प्लेट” आणि “डेटास्टोअर ऑडिट” एवढेच दोन अधिकार दिले. टोकनाचे अधिकार वेगळे ठेवले असतील, तर ते वापरकर्ता आणि टोकन या दोघांनाही द्यावे लागतात. एकाला दिले आणि दुसऱ्याला विसरले, की परवानगी नाकारली जाते आणि दोष टूलच्या माथी येतो. या दोन अधिकारांत फाईल चढवता येते, यादी पाहता येते, पण चढलेली आयएसओ पुसता येत नाही; दुव्यावरून फाईल उतरवून घ्यायला मात्र आणखी एक अधिकार लागतो. जुन्या फाईली साफ करण्याचे काम अजून मी स्वतःच वेब पॅनेलवरून करतो, आणि सध्या तरी ते तसेच राहील.