मेलबॉक्स, आयआरएस आणि दारावरची फुली

आमच्या फायर स्टेशनात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. नोकरीत केलेला सगळ्यात लाजिरवाणा प्रकार हेच तुमचं नाव, आणि ते निवृत्तीनंतरही सुटत नाही. पहिल्याच आठवड्यात बंब मागे घेताना ज्यानं चर्चबाहेरची टपालपेटी आडवी केली, तो ‘मेलबॉक्स’. रात्री तीनच्या कॉलला जो अर्धवट झोपेतच येतो, तो ‘डेकॅफ’, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी. मला ‘आयआरएस’ म्हणतात, म्हणजे इथलं इन्कम टॅक्स खातं. मी हिशेब बघते आणि पेट्रोलच्या पावतीशिवाय कुणाला पैसे देत नाही, एवढाच माझा गुन्हा.

चिपळूणच्या काकू फोनवर विचारतात, “म्हणजे तू शिडीवर चढून आगी विझवतेस?” नाही हो. मी सपोर्ट मेंबर. रेडिओवर बसते, जमाखर्च लिहिते, आणि वर्षातून एकदा देणगी गोळा करायला हंडाभर ब्रन्सविक स्ट्यू, म्हणजे मांस-भाज्यांचा रस्सा, करतात, तेव्हा ढवळायला उभी राहते. उत्तर कॅरोलिनाच्या या डोंगराळ पट्ट्यात बरीचशी दलं स्वयंसेवकांवर चालतात. अख्ख्या अमेरिकेतच अग्निशमन जवानांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोक असे हौशी. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात असं एक मंडळ काढलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. आमचा मेलबॉक्स एरवी प्लंबर आहे, डेकॅफ शाळेची बस चालवतो. पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं. आग ज्याच्या घरी लागते त्याला बहुतेक वेळा नावानं ओळखत असतात, कधी कधी त्याचे पैसेही देणं लागत असतात.

मला यात ओढलं ते कॅपनी. कॅप म्हणजे निवृत्त कॅप्टन, सत्तरी ओलांडलेले, मधुमेही, एकटे, ओढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारे. देणगी मागायला आमच्या दारात आले होते. मी पावती मागितली. पावतीपुस्तकच नव्हतं. पुढच्या सोमवारी हिशेबाच्या टेबलाशी मलाच बसवलं.

हे सगळं सांगायचं कारण हेलीन.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ते चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं. आम्ही समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरात. वादळाची धास्ती घ्यायची ती किनाऱ्यावाल्यांनी, अशीच इथली समजूत. पण वादळ यायच्या आधीच दोन दिवस पाऊस कोसळत होता, माती पाणी पिऊन तुडुंब झाली होती, आणि त्यावर शुक्रवारी पहाटे हेलीन आलं. माउंट मिचेलच्या पायथ्याच्या बुझिक नावाच्या वस्तीत तीन दिवसांत तीस इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. साडेसातशे मिलिमीटर. कोकणातला माणूस म्हणेल, त्यात काय, आषाढात आमच्याकडे रोजचंच आहे! पण अॅशव्हिलला म्हणजे इथल्या मोठ्या शहरात, अख्ख्या वर्षात हजार-बाराशे मिलिमीटर पडतो. इथल्या नद्या, मोऱ्या आणि उतार तेवढ्याच हिशेबानं जगत आलेले. फ्रेंच ब्रॉड नदीनं अॅशव्हिलला १९१६ चा २३.१ फुटांचा विक्रम मोडून २४.६७ फूट गाठले. पुढे भूवैज्ञानिकांनी नकाशे काढले तेव्हा दोन हजारांच्या आसपास दरडी मोजल्या. आय-४० महामार्गाचा पिजन नदीच्या घळीतला भाग नदीनं खाऊन टाकला. उत्तर कॅरोलिनात शंभरावर माणसं गेली.

आणि फोन बंद. वीज गेली, फायबर तुटलं, टॉवर मुके झाले. माउंट मिचेलवरचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसचा, रिपीटर (संदेश पुढे पाठवणारं यंत्र) चालू राहिला, त्यावरून लोक एकमेकांची खुशाली विचारत होते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा मी इथे बसून भावाचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. या वेळी नंबर लावण्याचं काम आईकडे आलं.

रविवारी सकाळी स्टेशनात यादी पडली होती. ऑक्सिजनवर असलेले, डायलिसिसवाले, तान्ही मुलं, एकटे म्हातारे. कॅपचं नाव यादीत वर होतं, पण त्याबद्दल कुणी काही बोलेना. नुसती कामं निघत गेली. मेलबॉक्स म्हणाला, त्याचे कॅपकडे चाळीस डॉलर अडकलेत, ते आणायलाच हवेत. डेकॅफनं त्यांना कधीकाळी चेनसॉ उसना दिला होता, तो आजच परत हवा होता. चीफ, म्हणजे दलाचे प्रमुख, म्हणाले, कुत्र्याला बघून येतो, कुत्रा चांगला आहे. मी पण जाते म्हटलं. गावातल्या औषधवाल्यानं जनरेटरवर फ्रीज चालू ठेवला होता. त्यानं वहीत नाव लिहून घेऊन इन्सुलिन दिलं होतं, ते थर्मासमध्ये होतं.

“तू चलच,” मेलबॉक्स म्हणाला. “म्हातारा गेला असला तर पावती कोण मागणार?”

हे वाचून तुम्हाला कसं वाटतंय याची मला कल्पना आहे. सुरुवातीला मलाही हे लोक निर्दय वाटायचे. आपल्याकडे असं कुणी बोललं तर आज्जी आधी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणणार, आणि तरी बोललाच तर पाठीत धपाटा घालणार.

एरवी गाडीनं दहा मिनिटांची वाट. साकव वाहून गेला होता, त्याच्या जागी उघडा पडलेला पाइप आणि कुणाचा तरी गॅसचा सिलिंडर, अजून फसफसणारा. त्याला वळसा घालून वर चढलो. ट्युलिप पॉप्लरची झाडं मुळांसकट आडवी, मुळांना चिकटलेल्या मातीच्या भिंती माझ्यापेक्षा उंच. चिखलाला डिझेलचा आणि कुजल्या पानांचा वास. डेकॅफ करवतीनं खोड कापणार, मेलबॉक्स ओंडके ढकलणार, आणि अखंड तोंड चालू. कॅपनी शिकवल्याप्रमाणे कापतोयस म्हणूनच वेळ लागतोय. कॅपनी शिकवल्याप्रमाणे कापलं असतं तर एव्हाना पाय गेला असता. कॅपच्या हातच्या चिलीनं आजवर जेवढी माणसं आडवी केली, तेवढी या वादळानं केली नसतील. चीफ पुढे चालत मधूनच ‘श्वास वाचवा’ म्हणत होते आणि स्वतःच भर घालत होते.

मग वळणावर दरड आली. रस्ता नव्हताच. वरच्या कड्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत लाल मातीचा पट्टा, त्यात अर्धी गाडलेली एक पिकअप. कॅपची नव्हे, शेजाऱ्याची. घर पलीकडच्या टेकाडाआड, इथून दिसत नाही. करवत बंद झाली आणि तोंडंही. तो पट्टा आम्ही एकेक करून, अंतर ठेवून ओलांडला. मेलबॉक्सच्या कानशिलाखाली एक शीर उडत होती, ती मला माझ्या जागेवरून दिसत होती. चीफनी दोनदा शिट्टी फुंकली.

कुत्रा भुंकला.

“चला,” मेलबॉक्स म्हणाला, “माझे चाळीस डॉलर जिवंत आहेत.”

आता दाराबद्दल सांगते. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या घरांवर रंगानं मारलेल्या मोठमोठ्या फुल्या तुम्ही फोटोंत पाहिल्या असतील. शोधपथकं घर तपासून झालं की दारावर फुली मारतात. तिचे चार खण: डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख-वेळ, उजवीकडे आतले धोके, खाली सापडलेली माणसं, जिवंत किती, मेलेली किती. कॅपनी गोठ्याचा लाल रंग घेऊन स्वतःच्या दारावर स्वतःच फुली मारून ठेवली होती. डावीकडे आमच्या दलाचं नाव आणि पुढे ‘येतील बहुतेक’. वरच्या खणात ‘शुक्रवार’ लिहून खोडलेलं, ‘शनिवार’ लिहून खोडलेलं, ‘रविवार’पुढे प्रश्नचिन्ह. उजवीकडे: ‘कुत्रा चावत नाही. मालकाचं सांगता येत नाही.’ खाली: ‘जिवंत एक. वैतागलेला.’

ते स्वतः ओसरीवर लाकडाच्या चुलीशी हरणाचं मांस परतत बसले होते. फ्रीझर बंद पडल्यावर सगळं वितळायला लागलं, म्हणून आसपासच्या चार घरांना पुरेल एवढा स्वयंपाक चालला होता. मान वर न करता म्हणाले, “माझ्या वेळी कॉल आल्यापासून आठ मिनिटांत पोचायचो. तुम्ही काय, जेवून आलात?”

“तुमच्या वेळी घोडे जुंपायचे ना, कॅप,” डेकॅफ म्हणाला. “घोड्यांना रस्ता पाठ असतो.”

चीफनी पुढे होऊन हात मिळवला. तो हात काही सुटेना. एकीकडे मांस कसं करपलंय, चुलीला वारा कसा उलटा लागतोय, यावर शेरेबाजी चालू, आणि दोन बोटं कॅपच्या मनगटावर. नाडी मोजत होते. कॅपना ते कळलं होतं, त्यांनीच तर शिकवलेलं. तेही निमूटपणे हात देऊन उभे राहिले आणि बदल्यात चीफच्या पोटाच्या घेरावर बोलत राहिले. मग बूट-मोजे काढायला लावले, मधुमेही माणसाच्या पायाला ओल्या बुटात जखम झाली तर कळत नाही म्हणून. मेलबॉक्स गुडघ्यावर बसून एकेक बोट बाजूला करून बघत होता आणि नाक धरून ‘विषारी वायू, सगळे मागे व्हा’ असं ओरडत होता. टाचेला एक फोड निघाला. तो त्यानं धुतला, मलम लावलं, पट्टी इतकी हळुवार बांधली की कॅप म्हणाले, “नळ पण असेच बसवतोस का? मग गळणारच.”

मी इन्सुलिन दिलं. कॅप म्हणाले, “सही कुठे करू, आयआरएस?”

जेवताना त्यांनी एकेकाची चौकशी केली. फेअरव्ह्यूच्या दलातला एक अधिकारी लोकांना काढायला गेला असताना दरडीखाली गेला, ही बातमी रेडिओवरून तोंडोतोंडी आमच्यापर्यंत आली होती. दक्षिण कॅरोलिनात सलूडा काउंटीत बंबावर झाड पडून दोन जवान गेले, तेही. चीफनी सांगितलं. सगळ्यांच्या टोप्या उतरल्या. विनोद नाही, उसासा नाही, कुत्रासुद्धा गप्प. कॅपनी ताटातलं उरलेलं शांतपणे संपवलं.

या लोकांचा एक नियम आहे, तो मला पुष्कळ उशिरा लक्षात आला. ज्याचं घर जळलंय, ज्याचं माणूस गेलंय, त्याच्यासमोर एक अक्षर वाकडं निघत नाही. मस्करी होते ती बंबात, स्टेशनात, आपापसात. आणि आपल्यातला कुणी गेला तर त्याच्यावर कधीच नाही. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाबद्दल मी एकदा स्टेशनात सांगितलं होतं. १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकिन जहाज, आग विझवायला गेलेले ६६ जवान, आणि म्हणून आपल्याकडे त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन. तेव्हापासून दर १४ एप्रिलला स्टेशनातली घंटा पाच-पाच-पाच अशी वाजवतात. मृत जवानाला मानवंदना द्यायची त्यांची ती जुनी पद्धत. मेलबॉक्सला मुंबई नकाशावर दाखवता येणार नाही, पण घंटा तोच वाजवतो.

मात्र मस्करीनं सगळं निभतं असं मला वाटत नाही. रूडरमन फाउंडेशनच्या अहवालानुसार २०१७ साली अमेरिकेत ९३ अग्निशमन जवान कामावर असताना गेले आणि १०३ जणांनी आत्महत्या केली. त्यातले कितीतरी आपल्या स्टेशनातले सगळ्यात विनोदी गडी असतील. डेकॅफ त्या वादळानंतर बरेच दिवस जास्तच विनोद करत होता. चीफनी त्याला गुपचूप समुपदेशकाकडे पाठवलं आणि बाहेर सांगितलं की दात काढायला गेलाय. पुढे महिनाभर त्याला सगळे विचारत होते, कुठला दात?

कॅप खाली यायला तयार झाले नाहीत. वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून एक हातातला रेडिओ ठेवून आलो. रोज संध्याकाळी सहाला खुशाली कळवायची. त्यांनी त्यावर हवामानाची बातमी द्यायला सुरुवात केली. ‘डोंगरात ढगाळ, स्टेशनात आळस, पुलाची दुरुस्ती होण्याची शक्यता शून्य.’ वायरलेसवर फालतू बोलायचं नाही असा नियम आहे. पण आसपासच्या दलांतली माणसं सहाला कान लावून बसायला लागली, तेव्हा चीफनी तो नियम जरा बाजूला ठेवला. अॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी १८ नोव्हेंबरला आलं. त्या रात्रीच्या बातमीत कॅपनी आख्ख्या शहराला आंघोळीच्या शुभेच्छा दिल्या.

माझं खरं काम मग सुरू झालं. आपत्तीचा खर्च केंद्र सरकारच्या फेमाकडून परत मिळतो, पण प्रत्येक तास, प्रत्येक लिटर इंधन कागदावर असेल तरच. स्वयंसेवकांचे बिनपगारी तासही नोंदवले तर खर्चाच्या स्थानिकांनी उचलायच्या वाट्यात धरले जातात. ज्या पावत्यांवरून मला नाव पडलं, त्यांच्या मागे आता सगळेच धावत होते. मेलबॉक्स ओल्या, चुरगळलेल्या पावत्या इस्त्री करून आणायचा.

कॅपनीही आपली यादी पाठवली, कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीच्या मागे लिहिलेली. शेजाऱ्यांची झाडं कापली, सहा तास. चार घरांचा स्वयंपाक, नऊ तास. बचाव पथकाचं मनोरंजन, दोन तास. मेलबॉक्सचं बोलणं ऐकून घेणं, दोन तास, धोक्याच्या कामाचा जादा दर लावावा. खाली सही, आणि तिच्याखाली चाळीस डॉलर वजा केलेले.

पहिल्या दोन नोंदी मी मंजूर केल्या. मनोरंजनाचा पुरावा मागितलाय, तो अजून आलेला नाही.