सीपॅप घेऊन पायी वारी

स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचे, निदान झाले त्या दिवशी मी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो वारीचा. ते म्हणाले, "चाला, खुशाल चाला. पण सीपॅप यंत्राशिवाय एकही रात्र काढायची नाही."

अट ऐकायला साधी वाटते. पण दिंडीतली रात्र ज्याने अनुभवली आहे त्याला तिच्यातली मेख लगेच कळेल. आषाढीसाठी गोव्यातल्या माशेलहून पंढरपूरला निघणारी आमची दिंडी कधी देवळाच्या सभामंडपात उतरते, कधी शाळेच्या वर्गात, कधी कुणाच्या शेतावरच्या मांगरात. बायका ओळीने पथाऱ्या टाकतात आणि भिंतीला विजेचा बोर्ड असलाच तर एक. त्यातून हे पावसाचे दिवस, म्हणजे वीज कधी जाईल याचा नेम नाही. निदानानंतर माझी वारी खंडली ती याच कारणाने. आषाढी एकादशीला आमच्या देवकीकृष्णाच्या देवळात भजन चालते, दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. त्या गर्दीत उभी राहून मी पंढरपुरात पोचलेल्या आमच्या माणसांची आठवण काढायचे आणि जीव तुटायचा.

"श्रद्धा असली की निभावतं, थोड्या रात्रींनी काय होतंय?" असे सांगणारे पुष्कळ भेटले. मायेपोटीच सांगत होते, पण ते खरे नाही. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला जागे करतो, आणि हे तासातून कितीतरी वेळा घडते. तासाला ३० च्या वर गेले की आजार तीव्र धरतात. माझा आकडा त्याच्या वरचा आहे. यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी धरते, एवढेच. आजार ते बरा करत नाही. मास्क काढून झोपले की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो. अशा अर्धवट झोपेने पेंगुळलेल्या बाईने चोर्ला घाटात, धुक्यात, ट्रकांच्या कडेने चालायचे याला मी भक्ती म्हणणार नाही.

म्हणून यंदा जायचे ठरवले तेव्हा आधी विजेचा बंदोबस्त केला. भाचा फोंड्याला इन्व्हर्टरची कामे करतो. मी त्याला म्हटले, चांगली मोठी बॅटरी दे. तो म्हणाला, "आत्या, बॅटरीचं नंतर. यंत्र किती खातं ते आधी मोजूया." त्याने प्लगमध्ये वॅट मोजायचा मीटर लावून दिला.

माझ्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट, ३.७५ अँपिअर लिहिले आहे, म्हणजे ९० वॅट. त्यावर हिशेब धरला असता तर साडेपाच तासांच्या एका रात्रीला जवळजवळ ५०० वॅट-तास, म्हणजे वॅट गुणिले तास, लागले असते आणि बॅटरी उचलायला वेगळा माणूस. पण तो कमाल आकडा असतो. मीटरने दाखवले ते निराळेच. पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असताना सरासरी ४० वॅटच्या आसपास. दोन्ही बंद केल्यावर, माझ्या ९ सेंटिमीटर (पाण्याच्या) दाबाला, ८ ते १०. हवा ढकलणारा पंखा फारसे काही खातच नाही. खरा खर्च पाणी तापवण्याचा.

मग ह्युमिडिफायर सोडता येईल का? थंडीत किंवा एसीच्या खोलीत तो नसला की माझे नाक सुकते, पहाटे घसा खरवडल्यासारखा होतो. पण गोव्याच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की वाळत घातलेले लुगडे दोन-दोन दिवस सुकत नाही. डॉक्टरांना विचारले, त्यांनी होकार दिला, आणि मी घरी खिडक्या उघड्या ठेवून तसेच झोपून पाहिले. काही त्रास झाला नाही. त्या एका गोष्टीने सगळा हिशेब पालटला. दिंडीत रात्री दहाला अंग टाकायचे, साडेतीनला काकड्याला उठायचे. साडेपाच तास, १० वॅटने ५५ वॅट-तास, वर गळतीचे धरून ६५.

बॅटरी घेतली ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास, म्हणजे २५६ वॅट-तास. वजन तीन किलोच्या आत, आकार चपात्यांच्या डब्याएवढा. तीन रात्री निघून वर शिल्लक उरते. पाण्याची बॅटरी स्वस्त पडली असती, पण ती अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे दुप्पट मोठी घ्यावी लागते आणि तिचे वजन सामानाच्या टेम्पोवाल्याच्या माथी.

इन्व्हर्टर मात्र भाच्याने घेऊ दिला नाही, त्याचाच धंदा असून. कारण पटण्यासारखे होते. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि यंत्राच्या अडॅप्टरने त्याचे पुन्हा २४ करायचे, यात दोन्हीकडे वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पाच-दहा वॅट खातो. मोठ्या उपकरणाला ते जाणवत नाही. माझे यंत्रच दहा वॅटचे, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. त्याऐवजी यंत्राच्या कंपनीचाच १२ वरून २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मागवला. बॅटरीच्या धन टोकाशी १० अँपिअरचा फ्यूज, दोन्ही टोकांवर रबरी टोप्या, आणि मध्ये किती वॅट-तास गेले ते दाखवणारा छोटा मीटर. फ्यूजबद्दल मी स्वतः आग्रही होते. चटया, गोधड्या आणि इतकी माणसे जवळजवळ झोपलेली असताना तारेत शॉर्ट झाला तर काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता. सौर पॅनेलचा विषयही निघाला होता, पण भर पावसाळ्यात ढगाखाली पॅनेल आपल्या ताकदीचा दहावा-पाचवा हिस्सा देते. ६० वॅटचे पॅनेल दिवसभर सांभाळून हाती फार थोडे लागले असते.

निघायच्या आधी दिंडीप्रमुखांच्या घरी जाऊन यंत्र दाखवले. ही गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानते. त्यांनी मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "माउली, प्रत्येक मुक्कामाला बोर्डाजवळची जागा तुमची. संध्याकाळी एक तास प्लग तुमचा, मग फोनवाल्यांचा." तो एक तास मला पुरतो. चार्जर ७० वॅटचा आहे, रात्री खर्चलेले ६५ वॅट-तास तासाभरात परत भरतात. हरिपाठाच्या वेळी लावायचे, जेवणाची पंगत बसायच्या आत काढायचे.

पावसातच निघालो. खांडोळ्याहून आमोण्याच्या पुलावर आलो तेव्हा मांडवी तांबडी लाल, दुथडी भरून चालली होती. टाळ मृदंगाच्या आवाजात पावसाचा आवाज मिसळला, डोक्यावर तुळस, पायांत पाणी. किती दिवसांनी मी त्या रांगेत होते! डोळे भरून आले ते पुसायचे कारणही नव्हते, चेहरा आधीच भिजलेला.

पहिला मुक्काम साखळीला, विठ्ठलापुरात. वाळवंटीच्या काठच्या या विठ्ठलाला चैत्रात आम्ही दरवर्षी येतो, पण वारीच्या वाटेवर तिथे टेकण्याचे सुख वेगळे. रात्री पथारी घातली, यंत्र उलट्या घमेल्यावर ठेवले. जमिनीलगत ठेवले तर ते धूळ आणि चटईचे तंतू ओढते. शेजारी एक आजी होत्या, पर्ये गावच्या. मी मास्कचे पट्टे कानामागून ओढले तशा त्या उठून बसल्या. "बाये, हें कितें गो?" मी सांगितले, झोपेत माझा श्वास अडतो, हे हवा देते. त्यांनी नळीवर बोटे ठेवली, मग मास्कच्या समोरच्या छिद्रांपुढे तळहात धरला. तिथून सतत हवा बाहेर पडत असते, उच्छ्वास तिथूनच जातो. ती झुळूक हाताला लागली तशा त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचा म्हाताराही असाच घोरायचा. घोरता घोरता गप्प व्हायचा, मग धसका बसल्यासारखा उठायचा. आम्हांला काय ठाऊक?"

त्यावर बराच वेळ कुणी झोपले नाही. आजूबाजूच्या बायका विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हा उपाय जगापुढे मांडला, सुरुवातीच्या यंत्रांना चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती, हेही सांगितले. घोरणे म्हणजे गाढ झोप असे आपल्याकडे सगळे धरून चालतात. बाई घोरत असेल तर ती सांगतही नाही, लाज वाटते. त्या रात्री दोघींनी तरी सांगितले की त्यांना सकाळी डोके जड वाटते, दिवसा बसल्या जागी झापड येते. दोघींनाही मी तपासणी करून घ्यायला सांगितले.

मध्यरात्री वीज गेली. पंखे थांबले, काळोख झाला, बायका कूस बदलू लागल्या. माझे यंत्र चालूच होते. मी अंधारात डोळे मिटले ते काकड्यालाच उघडले.

एक त्रास अनपेक्षित निघाला, धुराचा. पहाटे उदबत्त्या लागल्या की यंत्र तो धूर थेट नाकात आणून सोडते. स्वयंपाकाच्या चुलीचेही तेच. म्हणून जागा निवडताना मी बोर्डाच्या बरोबरीने वाराही पाहू लागले आणि फिल्टर महिनाभर न ठेवता चार-पाच दिवसांनी बदलत गेले. तो दमटही होतो.

दुसरा प्रश्न फोनचा. बॅटरी आहे म्हटल्यावर "जरा लावू का?" सुरू झाले. मी नाही म्हणायला शिकले, तेही हिशेब सांगून. फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. तीन-साडेतीन फोन भरले की माझी एक रात्र गेली. कुणी राग धरला नाही. एकदाच दिले, केरीच्या मुक्कामाला, आमच्या वीणेकऱ्यांना. त्यांची सून बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि फोन बंद पडला होता.

केरीहून पुढे अंजुणे धरण मागे टाकून घाट लागला. वर जाताना दरीतून धुके चढत होते, कड्यांवरून पाण्याचे लोट. दिवसभर चढलो आणि कर्नाटकात कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ उतरलो. मलप्रभेचा उगम इथलाच. पाऊस असा की बोललेले ऐकू येईना. वीज नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी जांबोटीतही ती आली नाही.  म्हणून केरीत भरलेल्या बॅटरीवरच भिस्त होती. तिच्या व्होल्टेजवरून काही कळत नाही. ही जात शेवटपर्यंत १३ च्या आसपास दाखवते आणि मग एकदम खाली येते. वॅट-तासांचा मीटर तेव्हा उपयोगी पडला. जांबोटीच्या पहाटे त्यावर २५६ पैकी १८२ खर्च झालेले दिसत होते. म्हणजे अजून एक रात्र निघाली असती. मी मीटर दिंडीप्रमुखांना नेऊन दाखवला. त्यांनी काही न बोलता मला बुक्का लावला.

बेळगावात गोव्याच्याच सत्तरी तालुक्यातल्या एका दिंडीतले गृहस्थ भेटायला आले. त्यांच्याकडेही यंत्र आहे, घरी कपाटात. आजवर दिंडीत ते यंत्राशिवायच झोपत होते आणि पंढरपुरात पोचेपर्यंत पाय सुजायचे, डोके उठायचे. मी सगळे आकडे कागदावर लिहून दिले, भाच्याचा फोन दिला. पण त्यांचा दाब १४ आहे. माझ्यापेक्षा पंखा जास्त फिरणार, मास्क गळत असेल तर आणखी जास्त, तेव्हा माझे दहा वॅट त्यांनी धरून चालू नये. घरी गेल्यावर आधी मीटर लावा, बॅटरीचे दुकान नंतर, असे दोनदा बजावले. ते आता माघवारीचे म्हणताहेत. तेव्हा घाटावर हवा कोरडी आणि गार असते, ह्युमिडिफायर बंद ठेवून भागेल का हे त्यांना डॉक्टरांनाच विचारावे लागेल. ऊन मात्र भरपूर असेल, तेव्हा पॅनेलही बघूया म्हणाला भाचा.