पंखा बंद करून वीस मिनिटं

जूनमध्ये स्टाफ मीटिंग संपता संपता प्राचार्यांनी विचारलं, "मराठी विभाग एखादा ऑनलाइन कोर्स तयार करू शकेल का? चवथीच्या सुट्टीआधी सांगा." उठता उठता विचारलेला प्रश्न कधीच सहज नसतो, एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली होती.

विभागात आम्ही चौघं. मी, कायम नोकरीतले एक सर आणि लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, दोघी. पहिल्या बैठकीत सगळेच हो म्हणाले. सर तर 1556 सालापर्यंत मागे गेले. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, मग आपण मागे का राहावं? गोव्यात कुठल्याही नव्या वस्तूसाठी हा दाखला देतात. कॅन्टीनमध्ये कॉफी मशीन आलं तेव्हाही दिला होता. मी वहीत 'हो' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आधी काय काय उपलब्ध आहे ते पाहिलं. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 'स्वयम्' 2017 पासून सुरू आहे, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून मिळवता येतात. पण आपण मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गावर, कोर्स चढवला म्हणून तो 'स्वयम्'चा होत नाही. पदवीचे कोर्स सीईसी या यूजीसीच्या संस्थेमार्फत जातात. त्यासाठी रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो. शिवाय गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या 'दिश्टावो' या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमासाठी करोनाकाळात इथल्याच प्राध्यापकांनी घटक तयार करून दिले आहेत. तेव्हा आमच्या कोर्समध्ये दुसरीकडे न मिळणारं काहीतरी हवं, नाहीतर कशाला?

सर म्हणाले, "क्रिस्तपुराण." हे मला पटलं. फादर स्टीफन्सचा हा ख्रिस्तकथेचा ओवीबद्ध ग्रंथ 1616 साली गोव्यातच रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. टी. वाय.ची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची, मुलं त्या ओव्यांपुढे अडखळतात. देवनागरीत समोर ठेवल्या तरी कुठे थांबायचं, कुठला शब्द कोकणीतला, कुठला जुन्या मराठीतला, हे कानावर पडल्याशिवाय उमगत नाही. पुन्हा पुन्हा ऐकण्याचा विषय आहे हा.

म्हणून चर्चा थांबवून एक घटक करूनच पाहिला. वीस मिनिटांचा. मला वाटलं होतं, वर्गात इतकी वर्षं बोलते आहे, एका दुपारचं काम. संहिता लिहायला तीन संध्याकाळी गेल्या, कारण वर्गात मी जे बोलते त्यातलं निम्मं मुलांच्या चेहऱ्याकडे बघून सुचलेलं असतं, हे लिहायला बसल्यावर लक्षात आलं. जुलै महिना. खोलीवर पत्रे, पत्र्यांवर पाऊस. पाऊस थांबला की पंख्याची घरघर ऐकू यायची. पंखा बंद केला तर घामाने चष्मा घसरायचा. तिसऱ्या खेपेला सगळं जमून आलं आणि शेवटच्या ओवीवर बाहेर कदंबच्या बसने लांबलचक हॉर्न दिला. कॉम्प्युटर विभागातल्या एका मुलाने तेवढा हॉर्न कापला, तर ओवीही गेली. मग जोडीला वाचायचा मजकूर, पंधरा प्रश्न, मूडलवर चढवणं. घड्याळ लावून मोजलं होतं. वीस मिनिटांच्या घटकाला चौदा तास.

यूजीसीच्या नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे असे किती घटक, हा हिशेब सरांनी फळ्यावर मांडला आणि स्वतःच पुसून टाकला.

घटक टी. वाय.च्या मुलांना दिला आणि सोबत मतांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या. गुगल फॉर्म मुद्दामच नाही दिला, कारण फॉर्म भरू शकणारीच मुलं फॉर्म भरतात. चिठ्ठ्यांवर बहुतेक 'छान' होतं, त्याचा काही उपयोग नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने मात्र कोकणीत लिहिलं होतं, "मॅडम, घरा रेंज येना. आयली जाल्यार लायट वता." घरी रेंज येत नाही, आली तर वीज जाते. आणि खाली, "बशीन आयकूंक मेळ्ळें जाल्यार बरें." बसमध्ये ऐकायचं! व्हिडिओ तिला नकोच होता. माझा घामाघूम चेहरा बघून तिला ओवी जास्त कळणार नव्हती.

चर्चेच्या पानावर तीन प्रश्न आले, तिन्ही रात्री अकरानंतर. मी उत्तरं दिली दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, तोवर मुलं ते विसरली होती. सगळ्या कोर्सभर हे कोणी करायचं?

कॉपीराइटचा भाग लवकर उरकला. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. कवी बा. भ. बोरकर 1984 साली गेले, म्हणजे 2044 संपेपर्यंत त्यांच्या कविता परवानगीवाचून जगापुढे टाकता येणार नाहीत. आधुनिक कवितेचा घटक तिथेच गळाला. क्रिस्तपुराणाची ती अडचण नव्हती.

खरं अडलं ते शेवटच्या बैठकीत. सगळ्यांत चांगलं वाचन आमच्या लेक्चर बेसिसवरच्या धाकटीचं. घराण्यात कीर्तन आहे, गळ्यात ओवी बसलेली. रेकॉर्डिंग तिनेच करावं, असं आम्ही दोघं कायम नोकरीवाले उत्साहाने ठरवून मोकळे झालो. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझा आवाज कॉलेजात राहील. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही तर?" आणि आणखी हळू आवाजात, "याचं एक लेक्चर धरणार की चौदा तास?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात विचारलं, तिथेही नव्हतं. इतके दिवस आम्ही माइक, मूडल, क्रेडिट यांवर बोलत होतो. हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही, कारण आमची नोकरी कायम आहे. त्या दिवशी मी वहीतलं 'हो' खोडलं.

प्राचार्यांना दिलेलं टिपण एका पानाचं होतं. पुरा कोर्स या वर्षी नाही. त्याऐवजी क्रिस्तपुराणातल्या निवडक ओव्यांच्या आठ ध्वनिफिती, प्रत्येकी सहा-सात मिनिटांच्या. कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायच्या, मग रेंज असो नसो. प्रश्न विचारायचे ते वर्गात. वाचणारीचं नाव प्रत्येक फितीवर, तिच्या तासांचे लेक्चरच्या दराने पैसे, आणि ती इथे शिकवत नसेल तेव्हा फिती वापरायच्या तर आधी तिची लेखी संमती.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे कोर्स नाहीच. नॅकला काय लिहू?"

"आठ ध्वनिफिती लिहा, सर."

पैशांच्या कलमावर ते थोडे घुटमळले, पण चवथीच्या आदल्या दिवशी सही झाली. आठांऐवजी सहा फितींचे पैसे मंजूर झाले, म्हणून सहाच केल्या. सरांनी त्या तीन ठिकाणी साठवून ठेवल्या. क्रिस्तपुराण सतराव्या शतकात तीनदा छापलं गेलं, पण त्यातली एकही छापील प्रत आज ज्ञात नाही, हे ते तेव्हापासून रोज ऐकवतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सत्तरी तालुक्यातली मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. चार ओव्यांतले शब्द तिला विचारायचे होते, आणि तिसऱ्या फितीत मागे शिट्टी कोण वाजवतंय तेही. आमच्या धाकटीने घरी पहाटे रेकॉर्ड केलं होतं. कुकर होता.