माझं झिंक तीनदा मोजलं, त्याची गोष्ट

मान काळी पडतेय हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. "उन्हातून फिरतेस, मळ साचलाय. डाळीचं पीठ आणि लिंबू लाव." दोन महिने घासलं. कातडी सोलवटली, काळेपणा हलला नाही. बोट फिरवलं की मखमलीसारखा लागायचा. शेवटी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी मान पाहिली, टेप काढून कंबर मोजली (92 सेंटिमीटर, आपल्याकडच्या बायकांची 80 च्या आत हवी) आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. इन्सुलिन वाढलं की मान अशी होते."

उपाशीपोटी साखर 108, इन्सुलिन 18.5. दोन्हींचा गुणाकार करून 405 ने भागायचं. आलं 4.93. याला होमा-आयआर म्हणतात. मॅडमच्या हिशेबात अडीचच्या वर गेलं की सावध व्हायचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 5.9, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. शरीर इन्सुलिन बनवतंय, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत, म्हणून ते आणखी बनवतंय.

इथवर सरळ होतं. घोळ मी घातला. केस गळतात, थकवा येतो म्हणून ऑफरमधलं रक्ततपासण्यांचं एक मोठं पॅकेज करून आले होते. त्यात झिंक 58, लाल अक्षरात. खालची मर्यादा 70. रात्री मोबाइलवर वाचत बसले. स्वादुपिंडात इन्सुलिनचे सहा रेणू झिंकच्या दोन अणूंभोवती गोळा होऊन साठवले जातात, हे वाचल्यावर तर मला खात्रीच पटली की सगळ्याचं मूळ सापडलं! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जस्त? आपल्या जुन्या बादलीचं?" तेच, आई.

भावाने 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून दिल्या. सकाळी उपाशीपोटी घेतली आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातून रिक्षात बसेपर्यंत पोटात ढवळायला लागलं. चार दिवस रेटलं, मग मॅडमना फोन केला. त्या चिडल्याच. मोठ्या माणसाने रोज 40 मिलिग्रॅमच्या वर झिंक आपल्या मनाने घ्यायचं नाही. जास्त दिवस घेतलं तर तांबं कमी पडतं.

मग त्यांनी विचारलं, रक्त किती वाजता दिलंस? दुपारी तीनला. जेवून? हो, दाळढोकळी. त्या सुमारास ताप? आदल्याच आठवड्यात व्हायरल. "मग 58 येणारच." अंगात दोन-अडीच ग्रॅम झिंक असतं, त्यातला हजारावा हिस्सा रक्तद्रवात. जेवल्यावर तो उतरतो, ताप आला की यकृताकडे ओढला जातो. उलट साखर चढली की झिंक लघवीवाटे जास्त जातं. म्हणजे खरंच कमी असलं तरी ते कारण की परिणाम, हे एका आकड्यावरून कळत नाही.

तीन आठवडे थांबून, गोळ्या बंद ठेवून, सकाळी उपाशी पुन्हा गेले. दुसरी लॅब. रक्त घेणाऱ्या मुलाला शीर सापडेना. दंडाला पट्टा आवळलेला, सुई आत फिरवतोय, मग पिस्टन जोरात ओढला. रिपोर्ट: 146. घरी जाहीर केलं की दुखणं संपलं. मॅडमनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना हिमोलाइज्ड'. लाल पेशी फुटल्या होत्या, आणि त्यांच्या आत रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त झिंक असतं. लॅबवाल्यांना म्हटलं, पुन्हा काढा. "रिपोर्ट तर आला ना, बेन!" पैसे गेले ते गेलेच.

तिसऱ्या ठिकाणी आधी फोन करून विचारलं, गडद निळ्या टोपणाची ट्यूब आहे का. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक नमुन्यात उतरू शकतं, म्हणून अशा बारीक तपासण्यांना ती वेगळी ट्यूब लागते. सकाळी आठला, उपाशी. पट्टा मिनिटभरही नाही. 74.

मॅडमनी गोळी लिहिली नाही. बाईला दिवसाला 13.2 मिलिग्रॅम झिंक पुरतं, असा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) 2020 चा आकडा आहे. आपण डाळी-धान्यं भरपूर खातो, पण त्यातलं फायटेट झिंक धरून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की सुटतं. मग मटकीला मोड यायला लागले आणि हांडव्याचं (डाळ-तांदळाच्या जाड गुजराती केकचं) पीठ रात्रभर आंबायला लागलं (हांडव्यातली साखर मात्र बंद, यावर घरात अजून वाद आहे). तीळ, शेंगदाणे होतेच.

खरा घाम गाळला तो दुसरीकडेच. रात्री साडेनऊचं जेवण साडेसातला आणलं आणि जेवून लगेच सूरसागर तलावाला चक्कर. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसं न अडता साखर ओढून घेतात. पहिले पंधरा दिवस नवरा सोबत यायचा, नंतर क्रिकेट सुरू झालं. पावसात गॅलरीतच येरझाऱ्या.

चार महिन्यांनी साखर 98, इन्सुलिन 11.2. भागाकार मी रिक्षातच केला: 2.71. कंबर 87. मान थोडी उजळलीय, पण लिंबाने सोललेला एक डाग अजून तसाच आहे.

रक्त घेणाऱ्या मुलाने ओळखलं. "बेन, आ वखते ब्लू टोपीवाळी नथी?" म्हटलं, नाही, या वेळी मॅडमनी लिहिलेलीच नाही.