100 मीटरची उभी रेघ: बॅरल निर्दोष सुटली, ट्यूनर अडकला

माझ्या टू-टू (.22) रायफलच्या उभ्या पसरणीचं कारण अखेर हाताला लागलं. गेल्या वेळी लिहिलं होतं, 100 मीटरवर वारा पडलेला असतानाही गोळ्या एकाखाली एक लागतात. 50 ला मात्र तोच लॉट (एकाच वेळी बनलेली काडतुसं) सुरेख: दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं, त्यात दहाच्या दहा बसल्या. तो कागद जपून ठेवलाय.

पहिला संशय माझ्या 26 इंची बॅरलवर होता. टू-टूच्या काडतुसात दारू एक ग्रेनच्या (सुमारे 65 मिलिग्रॅम) आसपास. 16 ते 19 इंचांत तिचा जोर ओसरतो, पुढे गोळी नुसती घासत जाते. म्हणून क्लबची 20 इंची रायफल घेऊन तोच लॉट मारला. वेग किंचित जास्त मिळाला, पण सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ गोळीतला फरक दोन्हींत साधारण 12 मी/से. फरक काडतुसातूनच येतोय. प्रायमरचं, म्हणजे दारू पेटवणारं, मिश्रण रिमच्या, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या, कडेत फिरवून पसरवतात, ते सगळीकडे सारखं बसत नाही आणि एवढ्याशा दारूत लगेच जाणवतं. बॅरल कापून घेण्याच्या बेतात असलेल्यांनो, शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 6 आधी वाचा. वेगळ्या परवान्याशिवाय बॅरल आखूड करता येत नाही.

आता हिशेब. 325 मी/सेच्या गोळीचा वेग 1 मी/सेने बदलला, तर 50 मीटरवर ती पाऊण मिमी वरखाली लागते, 100 वर 3 मिमीहून थोडी जास्त. म्हणजे 12 च्या फरकाला 50 वर 9 मिमी आणि 100 वर 37 मिमी उभी पसरण यायला हवी. मला मिळाली 5 आणि 29! 50 वरचे 4 मिमी कोणी खाल्ले?

बॅरलने. गोळी सुटताना तोंड वर उचललं जात असेल, तर संथ गोळी जरा उशिरा, म्हणजे जरा वरच्या कोनात बाहेर पडते आणि आपली घट भरून काढते. तोच कोन 100 वर दुप्पट, 8 मिमी भरून काढतो. 37 उणे 8, बरोबर 29. हा आकडा जुळला तेव्हा मी रेंजवरच ओरडलो.

क्रोनोग्राफबद्दल, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्राबद्दल, माझं मत ठाम आहे: बॅरलला बांधायचा चुंबकी प्रकार या कामाला घेऊच नका. वजन लटकलं की कंपनंच बदलतात. बाजूला ठेवायचा रडारवाला महाग आहे, पण तोच घ्या.

ट्यूनर (बॅरलच्या तोंडाशी बसवलेलं, कंपनं जुळवायचं वजन) फिरवून 100 वर पूर्ण भरपाई साधायचा बेत होता. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की तसं केलं तर 50 वर भरपाई जास्त होईल आणि संथ गोळ्या उलट 9 मिमी वर लागतील. भरपाई एका अंतरालाच नेमकी बसते. तेव्हा ट्यूनरवर दोन खुणा करणार, एक 50 ची, एक 100 ची. आणि त्याआधी प्रत्येक गोळीचा वेग तिच्या जागेशी जोडून पाहणार. 50 ला संथ गोळ्या थोड्याच खाली असतील, तर सिद्धांत पक्का.

हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाची काडतुसं वापरा असं सुचवणाऱ्यांना: नको. 380 मी/सेने निघालेली गोळी 100 च्या आतच आवाजाच्या वेगाखाली येते आणि तिथेच डगमगते. इंदूरच्या मेमधल्या 40 अंशांत आवाजाचा वेग 355, डिसेंबरच्या 12 अंशांच्या सकाळी 339. माझं मॅच (स्पर्धेचं) काडतूस दोन्ही ऋतूंत त्याखालीच राहतं.

खरा उपाय कमी फरकाचा लॉट. युरोपात नेमबाज रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी रेंजवर जातात आणि लॉट निवडून आणतात. आमच्या पुरवठादाराने मात्र एकाच खोक्यात दोन लॉट मिसळून पाठवले. नंबर बघून वेगळे केलेत. नवा लॉट रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, आधी 50 च्या खुणेवर मारणार.